तिसाव्या मिनिटाला किती वॅट?

प्रश्न: मी अकोल्याची. घरूनच थ्रीडी व्हिज्युअलायझेशन करते, म्हणजे पुण्यातल्या दोन-तीन आर्किटेक्टसाठी इंटिरिअरचे आणि एलिव्हेशनचे रेंडर, खऱ्या फोटोसारखी चित्रं. स्केचअप, ब्लेंडर आणि लुमियन वापरते. सहा वर्षांपूर्वी जुळवून घेतलेला डेस्कटॉप आहे (ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६६० सुपर, १६ जीबी रॅम), तो आता पुरत नाही. दर महिन्याला आठ-दहा दिवस पुण्यात बहिणीकडे राहून साइट आणि क्लायंटच्या मीटिंग उरकते, त्या दिवसांत रेंडरचं काम बंदच असतं. दुकानदार सांगतो, आरटीएक्स ५०७० टीआयचा १६ इंची गेमिंग लॅपटॉप घ्या, डेस्कटॉपची गरजच उरणार नाही. किंमत सव्वादोन लाखांच्या घरात. मिस्टरांचं म्हणणं, एवढ्या पैशात कितीतरी ताकदीचा डेस्कटॉप येईल. मुलगा अकरावीत आहे, त्याला गेम खेळायचे आहेत, त्यामुळे त्याचं मत लॅपटॉपला. आमच्याकडे उन्हाळा कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे, वरून वीज जाते. काय करू?

उत्तर: ताई, तुमच्यासारख्या कामाला लॅपटॉप चालेल असं माझं मत आहे. पण दुकानदार ज्या कारणासाठी सांगतोय त्या कारणासाठी नाही, आणि तो समोर ठेवेल तो डोळे झाकून घ्यायचाही नाही. मिस्टरांचं म्हणणंही खोटं नाही. आधी तेच बघू, कारण तुमच्या घरातला वाद मुळात कार्डाच्या नावावरून झालेला दिसतो.

लॅपटॉपातली ५०७० टीआय आणि डेस्कटॉपची ५०७० टीआय ही दोन वेगळी कार्डं आहेत. डेस्कटॉपच्या कार्डात ८,९६० कोअर (हिशेब करणारे छोटे भाग), १६ जीबी मेमरी आणि ३०० वॅटपर्यंत वीज खायची मुभा. लॅपटॉपात त्याच नावाखाली ५,८८८ कोअर, १२ जीबी मेमरी आणि साधारण ६० ते ११५ वॅट, शिवाय बूस्टचे, म्हणजे गरजेला वरून मिळणारे, २५. खरं तर लॅपटॉपातली ही चिप डेस्कटॉपच्या साध्या ५०७० च्या घराण्यातली आहे, आणि ती साधी ५०७० सुद्धा २५० वॅट घेते. वरच्या किमतीत तर हे अंतर आणखी वाढतं. डेस्कटॉपच्या ५०९० मध्ये २१,७६० कोअर, लॅपटॉपच्या ५०९० मध्ये १०,४९६. म्हणून अडीच-तीन लाखांच्या पुढे जाऊन ‘डेस्कटॉपला पर्याय’ म्हणून लॅपटॉप घेणं मला पटत नाही. जितकं वर जाल तितका नावामागचा माल कमी होत जातो.

तेव्हा नुसत्या ताकदीचा हिशेब केला तर मिस्टर बरोबर आहेत. पण तुमची तुलना नव्या डेस्कटॉपशी आहे तशीच ती आज टेबलावर असलेल्या १६६० सुपरशीही आहे. त्या कार्डात ६ जीबी मेमरी आहे आणि प्रकाशकिरणांचा हिशेब करणारे वेगळे कोअर त्यात नाहीतच. ब्लेंडरमध्ये सायकल्स हे रेंडर इंजिन वापरताना ऑप्टिक्स हा पर्याय निवडला की नव्या आरटीएक्स कार्डांचे हेच कोअर कामाला लागतात. लॅपटॉपची ५०७० टीआय डेस्कटॉपच्या बहिणीपेक्षा मागे असली तरी तुमच्या सध्याच्या मशीनच्या खूप पुढे आहे. फरक पडेल तो मेमरीत. लुमियनमध्ये झाडं, गवत, गाड्या, जड टेक्स्चर भरलेला बंगल्याचा सीन कार्डाच्या मेमरीत मावला नाही की वेग कोसळतो, कधी प्रोग्रॅमच बंद पडतो. म्हणून १२ जीबीच्या खाली उतरू नका. चाळीस-पन्नास हजार वाचवायला दुकानदार साधी ५०७० दाखवेल, लॅपटॉपात ती बहुधा ८ जीबीची येते. गेमसाठी ठीक, तुमच्या कामाला नाही.

आता वॅटबद्दल, कारण सगळा खेळ त्यावर आहे. कार्ड कुठलं हे खोक्यावर मोठ्या अक्षरात असतं. त्याला किती वॅट मिळतात हे तपशिलाच्या पानात कुठेतरी खाली असतं, कधी नसतंही. एकच कार्ड एका बारीक लॅपटॉपात ८५ वॅटवर बांधलेलं असतं, तर दुसऱ्या जाडजूड लॅपटॉपात ११५ अधिक २५. दुकानात उभ्या-उभ्या बघता येतं: एनव्हिडियाचं कंट्रोल पॅनेल उघडा, खाली डाव्या कोपऱ्यात सिस्टिम इन्फर्मेशन, त्यात ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ अशी ओळ असते. तिथे १४० दिसलं तर यंत्र पूर्ण मुभा देणारं आहे. पण मुभा असणं आणि अर्धा तास ती टिकवणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

इथे अकोल्याचा उन्हाळा आडवा येतो. तुम्ही ज्या चाचण्या बघता त्या बहुतेक २२ ते २५ अंशांच्या खोलीत केलेल्या असतात. एसीच्या खोलीत २४ अंशाला कार्ड ११५ वॅट घेत ८० अंशांवर स्थिरावलं, असं समजा. म्हणजे खोलीपेक्षा ५६ अंश वर. तेच यंत्र मे महिन्यात दुपारी ४० अंशांच्या खोलीत ठेवलं आणि तेवढेच वॅट दिले तर ते ९६ वर जाईल. पण लॅपटॉपच्या कार्डाला साधारण ८७ च्या पुढे जाऊ देत नाहीत. मग ते स्वतःच वीज कमी करतं, आणि ढोबळ हिशेबाने ११५ चे ९५ च्या आसपास वॅट उरतात. त्यात प्रोसेसरचीही उष्णता त्याच तांब्याच्या नळ्यांतून बाहेर पडायची असते, तेव्हा प्रत्यक्षात घट याहून जास्त होऊ शकते. डेस्कटॉपलाही उकाडा लागतोच, पण मोठा हीटसिंक आणि कॅबिनेटमधली मोकळी जागा असल्यामुळे त्याच्याकडे सोसायला वाव असतो. लॅपटॉप आधीच काठावर चालत असतो.

कूलरबद्दल एक गोष्ट मुद्दाम लिहिते. विदर्भात प्रत्येक घरात कूलर, आणि खोली दहा-बारा अंशांनी खाली आणायला त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. खोली गार झाली की लॅपटॉपचं भलंच होतं. पण कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर घेऊ नका. त्या हवेबरोबर बारीक तुषार येतात, पाणी क्षाराचं असतं, आणि पंख्याच्या तोंडाशी जमलेली धूळ ओल लागून चिकटून बसते. लॅपटॉप झोताच्या बाजूला ठेवा, मागची कड दोन-तीन सेंटिमीटर उचललेली असू द्या, म्हणजे खालून हवा आत शिरेल. साधे रबरी पाय किंवा लाकडी पट्टी पुरते. रंगीत दिव्यांचा कूलिंग पॅड घ्यायलाच हवा असं नाही.

घ्यायचं ठरलं तर पहिल्या मिनिटाचा वेग बघू नका, तिसाव्या मिनिटाचा बघा. दुकानातल्या बेंचमार्कचा आकडा थंड यंत्रावर दोन मिनिटांत निघतो. तुमचं रेंडर रात्रभर चालतं. पेनड्राइव्हवर ब्लेंडरची झिप आवृत्ती न्या, ती इन्स्टॉल न करता चालते, आणि सोबत तुमचाच एखादा जड इंटिरिअर सीन न्या. एकाच कॅमेऱ्यातून, काहीही न हलवता, पन्नास-शंभर फ्रेमचं अ‍ॅनिमेशन लावून द्या. प्रत्येक फ्रेमला किती सेकंद लागले ते ब्लेंडर दाखवतो. पहिली फ्रेम सोडून द्या, कारण त्या वेळी कर्नल, म्हणजे कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम, लोड होत असतात. दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेमचा वेळ लिहून घ्या आणि अर्ध्या तासानंतरच्या फ्रेमचा लिहून घ्या. ४० सेकंदांचे ४३ झाले तर काही हरकत नाही. ४० चे ५५ झाले तर दुकानातल्या एसीत ही गत आहे, मग तुमच्या खोलीत काय होईल ते उघड आहे. एचडब्ल्यू-इन्फो नावाचं मोफत साधन शेजारी उघडं ठेवलंत तर त्यात ‘जीपीयू पॉवर’च्या ओळीत वॅटचा आकडा उतरताना डोळ्यांनी दिसेल.

दुकानदार अर्धा तास यंत्र देईल का? ओळखीचा असेल तर देईल, सव्वादोन लाखांच्या गिऱ्हाइकाला द्यायलाच हवं. नाहीच म्हणाला तर परतीच्या अटी पैसे देण्याआधी लेखी घ्या. ऑनलाइन घेणार असाल तर जास्तच सांभाळून. बऱ्याच ठिकाणी फक्त दोष असेल तरच बदलून मिळतं, आणि तापल्यावर मंद होणं हा त्यांच्या लेखी दोष नसतो. मग पेटी घरी आल्याबरोबर पहिल्याच दुपारी, तीनच्या सुमाराला, तुमच्या नेहमीच्या खोलीत हीच चाचणी करा.

चाचणी करताना आवाजाकडेही लक्ष द्या. या यंत्रांचे पंखे पूर्ण वेगात पन्नास डेसिबलच्या आसपास जातात. त्याच टेबलावर बसून आर्किटेक्टशी फोनवर बोलणं अवघड होतं, आणि पुण्यात बहिणीच्या हॉलमध्ये रात्री रेंडर लावलं तर घरच्यांना झोप लागणार नाही. यावर एक उपाय आहे: प्रत्येक गेमिंग लॅपटॉपला दोन-तीन मोड असतात, मधला ‘बॅलन्स्ड’ बहुतेकांत चांगला असतो. शेवटचे वीस-पंचवीस वॅट वेग थोडाच वाढवतात, आवाज आणि उष्णता मात्र भरपूर. रात्रीचं रेंडर मधल्या मोडवर लावलंत तर सकाळपर्यंत ते तसंही होऊन जातं.

वीज जाण्याबद्दल. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे म्हणून वीज गेली तरी रेंडर चालू राहील, असा समज असतो. तसं होत नाही. विमानात १०० वॅट-अवरच्या वरची बॅटरी विशेष परवानगीशिवाय नेता येत नाही, म्हणून मोठ्यात मोठ्या लॅपटॉपची बॅटरी ९९ च्या आसपास थांबते. प्लगवर २०० वॅटच्या वर खाणाऱ्या यंत्राला ती अर्धा तासही पुरली नसती. म्हणून बॅटरीवर जाताच यंत्र कार्डाचे वॅट जबरदस्तीने खाली आणतं आणि रेंडर रांगायला लागतं. बॅटरीचा खरा उपयोग हा की डेस्कटॉपसारखं फटकन बंद पडत नाही, फाइल शाबूत राहते, आणि वीज आली की रेंडर पुढे चालू होतं. तुमच्याकडे तो उपयोगही लहान नाही. घरचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तर अडॅप्टर त्यावर चालवता येईल, फक्त २८० किंवा ३३० वॅटचा अडॅप्टर, दोन पंखे आणि फ्रिज एकदम नको.

अडॅप्टरचे वॅटही विचारून घ्या. काही यंत्रांत प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही भरात असले की अडॅप्टर पुरत नाही, आणि प्लग लावलेला असूनही बॅटरी हळूहळू उतरत जाते. असं यंत्र टेबलावर कायमचं ठेवायला योग्य नाही. प्लगच्या पिना बघा. काही मोठ्या अडॅप्टरना १६ अँपिअरचा जाड पिनांचा प्लग येतो, गीझरचा असतो तसा. तुमच्या टेबलाजवळ आणि बहिणीच्या घरी तसं सॉकेट नसलं तर पहिल्याच दिवशी अडून बसाल. ३३० वॅट म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम दीड अँपिअर, तेव्हा ६ अँपिअरच्या सॉकेटला भार झेपतो, प्रश्न फक्त पिनांचा आहे. कंपनीकडून किंवा चांगल्या दुकानातून योग्य केबल घ्या, तीन पिनांची आणि अर्थिंगची. दोन पिनांचा जुगाड करू नका, धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात.

डेस्कटॉपसारखं वापरायचं म्हणजे दिवसभर प्लगवर, आणि बॅटरीचं नुकसान यातच होतं. कायम शंभर टक्के भरलेली आणि वर गरम राहिलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते, कधी फुगते. टचपॅड वर उचलला गेला किंवा खालचं झाकण टेबलावर डुगडुगायला लागलं तर तीच खूण समजा आणि वापर तिथेच थांबवा. जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. घेतल्या दिवशी ती चालू करा, पुण्याला निघायच्या आदल्या रात्री तेवढी शंभर करून घ्या.

स्क्रीनच्या बाबतीत तुमचं काम रंगाचं आहे, तेव्हा पॅनेल शंभर टक्के एसआरजीबी (स्क्रीनवरच्या रंगांचं नेहमीचं प्रमाण) आहे का ते नक्की बघा. जिथे ‘४५ टक्के एनटीएससी’, म्हणजे कमी रंग दाखवणारं पॅनेल, लिहिलेलं असेल तो लॅपटॉप कितीही स्वस्त असो, सोडून द्या. लाकडाचा पॉलिश आणि टेराकोटाचा रंग त्यावर मेलेला दिसतो, तुम्ही भडक करत जाता आणि क्लायंटच्या फोनवर ते अंगावर येतं. अकोल्यात घरी मात्र लॅपटॉपच्या स्क्रीनवर दिवसभर मान घालून बसू नका. सध्याचा मॉनिटर, कीबोर्ड, माउस लॅपटॉपला जोडा. एचडीएमआय पोर्ट थेट मोठ्या ग्राफिक्सला जोडलेला आहे का ते विचारा, काही लॅपटॉपमध्ये टाइप-सी पोर्टचं चित्र प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्समधून फिरून येतं.

रॅम ३२ जीबी घ्या, आणि ती सुट्ट्या पट्ट्यांची हवी, बोर्डवर चिकटवलेली नको. दोन स्लॉट असले की पुढे वाढवता येईल. एसएसडीसाठीही दुसरा स्लॉट आहे का ते बघा. ग्राफिक्स मात्र कधीच बदलता येणार नाही, हे धरून चाला. २०१९ मध्ये एलियनवेअरचा एरिया-५१एम आला होता, आत डेस्कटॉपचा प्रोसेसर, ग्राफिक्सही काढता-घालता येईल असं. डेस्कटॉप सोडायची वेळ आली असं तेव्हा अनेकांना वाटलं. पुढच्या पिढीची कार्डं आली आणि ती त्यात बसली नाहीत. अलीकडे फ्रेमवर्कच्या १६ इंची लॅपटॉपने ग्राफिक्सचा भाग बदलून दाखवला आहे, पण असं उदाहरण अजून अपवादच आहे. तेव्हा हे यंत्र चार-पाच वर्षांचं, असा हिशेब धरा. डेस्कटॉपमध्ये त्या वेळी नुसतं कार्ड बदलून भागलं असतं.

दुरुस्तीचंही तसंच. ग्राफिक्स चिप मदरबोर्डवरच असते, ती गेली की बहुधा अख्खा बोर्ड बदलावा लागतो आणि बिल दहा-वीस हजारांत थांबत नाही. म्हणून तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी खर्चातच धरा. आणि ‘ऑनसाइट’ म्हणजे अकोल्याच्या तुमच्या पिनकोडला माणूस घरी येतो का, हे कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून विचारा, दुकानदाराला नको. डेस्कटॉपचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) जळला तर गावातल्या दुकानातून संध्याकाळपर्यंत नवा बसतो. लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला गेला की आठवडा जाऊ शकतो.

एवढं सगळं सांगूनही लॅपटॉप का म्हणते? कारण तुमच्या महिन्यातले आठ-दहा दिवस आज रिकामे जातात. डेस्कटॉप कितीही वेगवान असला तरी तो अकोल्यात आणि तुम्ही पुण्यात, हे बदलत नाही. शिवाय क्लायंटसमोर बसून ‘हा सोफा निळा करून दाखवा’ म्हटल्यावर तिथेच करून दाखवता आलं तर दुरुस्त्यांच्या फेऱ्या वाचतात. तुम्ही पुण्याला महिन्यातून एखादाच दिवस जात असता तर मी मिस्टरांच्या बाजूने उभी राहिले असते.

मधला एक मार्गही आहे आणि तो मी गंभीरपणे पाहिला: अकोल्यात ताकदवान डेस्कटॉप, हातात साधा हलका लॅपटॉप, आणि पुण्याहून एनीडेस्क किंवा पार्सेकने घरचं मशीन चालवायचं. ज्यांच्याकडे वीज आणि फायबर दोन्ही भरवशाचे आहेत त्यांना मी हाच सल्ला देते. वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं अशी बायोसमध्ये सोयही असते. पण तुमच्याकडे ऐन मीटिंगमध्ये अकोल्याची वीज गेली तर हातात काही उरत नाही, आणि घरी धावपळ मिस्टरांना करावी लागेल. म्हणून तुमच्यासाठी नाही.

जुना डेस्कटॉप मोडीत काढू नका. विकून फार काही हाती येणार नाही. त्यावर सगळ्या कामाचा बॅकअप ठेवा, आणि लॅपटॉप कधी दुरुस्तीला गेला तर निदान स्केचअपचं काम अडणार नाही. उरलेला वेळ तो मुलाला द्या. १६६० सुपरवर व्हॅलोरंट, जीटीए फाइव्हसारखे गेम फुल एचडीत नीट चालतात, एसएसडी नसेल तर तेवढी घालून द्या. कामाच्या लॅपटॉपवर मात्र गेम नको असं त्याला स्पष्ट सांगा. रात्री रेंडर लागलेलं असताना कार्ड दोघांत वाटलं गेलं की रेंडर रखडतं, आणि सकाळी आर्किटेक्टला फाइल द्यायची असते ती तुम्हाला.

खरेदी तुमच्या व्यवसायाच्या नावाने करा. जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर नंबर घालून घ्या, १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिट मिळू शकतं, आणि सव्वादोन लाखांत ती रक्कम चौतीस हजारांच्या वर जाते. नियमित हिशेब ठेवत असाल तर आयकरात संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, पण त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्माच. तेव्हा वर्ष संपत आलेलं असेल तर आता घ्यावा की एप्रिलमध्ये, हे एकदा तुमच्या सीएंना विचारून घ्या.